मुहूर्तानंतरचे दोन तास

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेला लग्नाच्या दिवसाचा तक्ता काल रात्री नीट वाचला. ७ वाजता नाश्ता, ११ वाजता गौरीहार, १२ वाजून २७ मिनिटांचा मुहूर्त आणि पावणेएकला स्टेजवर भेटीगाठी नि जेवणं. मुहूर्तापर्यंतचं सगळं तू मिनिटामिनिटाने मांडलंयस, पण त्यानंतरच्या विधींना तक्त्यात जागाच नाही! कार्यालयाची व्यवस्था पाहताना हे मला सारखं दिसतं आणि दर वेळी वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अंतरपाट दूर झाला, हार घातले गेले, की पाहुण्यांच्या लेखी लग्न लागलं. निम्मे लोक जेवायला वळतात, निम्मे आहेराची पाकिटं घेऊन रांग धरतात. कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी अजून व्हायची असते आणि ते सगळं नीट करायचं तर दीड-दोन तास लागतात. मग कोणीतरी गुरुजींच्या कानाशी जाऊन सांगतं, "जरा आटपतं घ्या." तांदळाच्या सात राशी मांडलेल्या असतात, नवरीचं पाऊल तिसऱ्या राशीवर असतं आणि फोटोग्राफर म्हणतो, "थांबा, इकडे बघा." तिचे आईवडील त्या वेळी खाली पंगतीत आग्रह करत फिरत असतात. लेकीची सप्तपदी त्यांना पुढे अल्बममध्येच दिसते.

खरं तर लग्न तिथे होतं. सप्तपदीने होणारा विवाह सातवं पाऊल पडल्यावर पूर्ण होतो, असं १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या ७व्या कलमात लिहिलेलं आहे. आवश्यक विधीच झाले नसतील तर नुसत्या नोंदणीच्या कागदाने हिंदू विवाह होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०२४मध्ये बजावलं. तेव्हा तक्ता मुहूर्ताभोवती न बांधता सप्तपदीभोवती बांध. गुरुजींना आजच फोन कर आणि कोणकोणते विधी करणार, किती वेळ लागेल, हे विचारून घे. भेटीगाठी संध्याकाळी ठेव. कार्यालय फक्त दुपारपर्यंत मिळालं असेल, तर विधी संपल्यावर ठेव आणि ती वेळ पत्रिकेतच स्वच्छ छापा. लोक थांबतात गं. कधीपर्यंत थांबायचं ते कळत नाही, तेव्हाच ते कुरकुरतात. आणि सप्तपदीच्या वेळी दोन्हीकडचे आईवडील मांडवातच बसतील, हे आधी ठरवून टाक. पंगतीतला आग्रह काका-काकू करतील.

मंगलाष्टकांचंही असंच. प्रत्येक आत्याने, मावशीने एकेक रचलेलं असतं आणि ते प्रेमाने रचलेलं असतं, त्यामुळे ऐन वेळी माईक कोणाच्या हातून काढून घेता येत नाही. इकडे मुहूर्ताची घटिका पुढे सरकत असते. कोण म्हणणार, किती कडवी, हे आठ दिवस आधी ठरव. उरलेल्यांना केळवणाच्या दिवशी म्हणू दे. तिथे निवांत ऐकायलाही माणसं असतात.

आता सासरकडच्यांचं. याद्यांच्या बैठकीत दोन्ही बाजू ताकाला जाऊन भांडं लपवतात. "आमची काहीच अपेक्षा नाही" हे वाक्य कानावर आलं की तू थांब आणि गोडीने विचार, "सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी की सकाळी? जेवण बुफे चालेल, की आजींना पाटावरची पंगत हवी? मानाच्या साड्या कोणाकोणाला?" जे जमणार नाही तेही तिथेच सांग. महिनाभर आधी दिलेला नकार माणूस पचवतो, मांडवात दिलेला जन्मभर लक्षात ठेवतो. हे सगळं एका कागदावर लिही आणि त्याच संध्याकाळी विहीणबाईंना फोटो पाठव. त्यात संकोच कसला?

वरातीसाठी लाऊडस्पीकर लावणार असाल, तर रात्री १० वाजता तो बंद करावाच लागतो. नवरदेवाच्या मित्रांना हे त्यानेच सांगायचं, तू नाही.

लग्नाच्या दिवशी तुझा फोन मामेभावाकडे दे. फुलवाला, बस, पानांची संख्या, सगळे प्रश्न त्याला. आईला त्यात गुंतवू नकोस. तुम्हा दोघांची ताटं वाढून बाजूला ठेवायला आचाऱ्यांना सकाळीच सांगून ठेव, नाहीतर चार वाजेपर्यंत उपाशी राहाल.

आणि विवाहनोंदणी. आपल्याकडे लग्नापासून ९० दिवसांच्या आत करायची असते, तीन साक्षीदार लागतात. अर्ज आधीच आणून ठेव आणि गुरुजींची सही दक्षिणा देतानाच घे. पुढच्या आठवड्यात ते दुसऱ्या गावी दुसऱ्या मांडवात असतील. तुला व्हिसासाठी प्रमाणपत्र लगेच लागणार आहे, म्हणून हे काम नवरदेवाच्या नावावर टाक.

गुरुजींशी बोलणं झालं की नवा तक्ता पाठव. रविवारी मी घरीच आहे.

तुझी,
मावशी