विश्वास धरल्यावर आपलीच माणसं विरोधात गेली, तर त्यांच्यावर प्रेम करायचं कसं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तीन वर्षांपूर्वी तुम्ही ख्रिस्तावर विश्वास ठेवला. तेव्हापासून घरात अबोला आहे आणि कामाच्या ठिकाणी टोमणे ऐकावे लागतात. वैऱ्यांवर प्रीती करा हे वचन रोज वाचता आणि मनात डोकावलं की रागच दिसतो. मग माझा विश्वास खोटा आहे का, आणि सोसायचं तरी कुठवर, असं तुम्ही विचारलंय. शेवटी एका ओळीत लिहिलंय की मोठी बहीण पुढच्या महिन्यात घर बदलतेय, तुम्हाला बोलावलेलं नाही, तर जावं का? ती शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, पण तिच्याकडे नंतर येतो.

रागाचं आधी. राग येतो म्हणून विश्वास खोटा ठरत नाही. स्तोत्रसंहिता उघडून बघा. १३ वं स्तोत्र सुरूच होतं 'कुठवर?' या तक्रारीनं. १०९ व्या स्तोत्रात तर वैऱ्याला दिलेल्या शापांची यादीच आहे. ८८ वं अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. ही स्तोत्रं कुणी लाजून पवित्र शास्त्रातून गाळली नाहीत. देवापुढं राग बोलून दाखवायला मुभा आहे, एवढं तरी त्यावरून कळतं. तो राग बहिणीच्या दारात नेऊन ओतायचा की नाही, हा वेगळा प्रश्न.

दुसरं, लूकच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायात येशू वैऱ्यांबद्दल बोलतो तिथली क्रियापदं नीट बघा. भलं करा, आशीर्वाद द्या, प्रार्थना करा. तिन्ही गोष्टी राग असतानाही करता येतात. वैऱ्याबद्दल गोड वाटून घ्या, असं तिथं म्हटलेलं नाही. प्रेषित पौलही रोमकरांस पत्रात शत्रूला भूक लागली तर खायला दे, तहान लागली तर प्यायला दे, एवढंच सांगतो. मी बरीच वर्षं उलटं करत होतो. आधी मनात प्रेम उमलेल आणि मग हात हलतील, म्हणून वाट बघत बसायचो. ते उमलायचं नाही, आणि मग मी स्वतःलाच कोसायचो.

आता माझी गोष्ट, जी सांगायला मला अजूनही जड जातं.

माझा मोठा भाऊ माझ्याशी नऊ वर्षं बोलला नाही. चर्चच्या मंडळीत आपल्या विश्वासाची साक्ष द्यायची वेळ आली की मी सांगायचो, ख्रिस्तासाठी मी भाऊ गमावला. लोक 'आमेन' म्हणायचे, पाठीवर हात ठेवायचे. त्या सहानुभूतीची चटक लागते, हे आज कबूल करतो. खरं काय घडलं होतं? बाप्तिस्म्यानंतरच्या पहिल्या वर्षी मी घरात प्रवचनकार होऊन बसलो होतो. आई तिच्या प्रार्थनेला बसली की मी शेजारच्या खोलीत मुद्दाम आवाज वाढवून गाणी लावायचो. आणि एका संध्याकाळी वाद घालता घालता दादाला म्हणालो, तू नरकात जाशील. त्याची सात वर्षांची मुलगी तिथंच चित्र रंगवत बसली होती. त्या रात्री ती झोपेना, बाबा आगीत जाणार म्हणून रडत राहिली. दादानं बोलणं टाकलं ते त्या दिवसापासून.

म्हणजे त्यानं येशूला विरोध केलाच नव्हता. त्यानं आपल्या लेकीला रडवणाऱ्या माणसाला दार बंद केलं होतं. हे माझ्या टाळक्यात शिरायला सहा वर्षं लागली. शिरलं ते पेत्राच्या पहिल्या पत्रामुळे. तिथं चौथ्या अध्यायात पेत्र म्हणतो, तुमच्यापैकी कुणी खुनी, चोर किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून दुःख भोगू नये. खुनी आणि चोरांच्या रांगेत त्यानं लुडबुड्यालाही उभं केलंय! ते वाचताना मला पहिल्यांदा स्वतःचा चेहरा दिसला.

म्हणून तुम्हालाही आधी हेच विचारतो, रागावू नका. जो विरोध होतोय त्यातला किती ख्रिस्तामुळे आहे आणि किती तुमच्या बोलण्याच्या तऱ्हेमुळे? कदाचित सगळाच पहिल्या प्रकारचा असेल. पण वेगळं काढून बघा. स्वतःच्या वाट्याची माफी एकदा मागितली की उरलेला विरोध सोसणं कठीण असलं तरी निदान स्वच्छ असतं.

मी दादाला पत्र लिहिलं. 'तुला वाईट वाटलं असेल तर' अशी पळवाट न ठेवता मी काय बोललो, कुणासमोर बोललो आणि ते चूक होतं, एवढंच लिहिलं. उत्तर आलं नाही. त्यानंतर तीन वर्षं मी त्याच्यासाठी प्रार्थना करत राहिलो. सुरुवातीला 'प्रभू, दादाला सुबुद्धी दे' अशी. नंतर लक्षात आलं, ही प्रार्थना नाही, चहाडी आहे. मग बदललं. त्याचा गुडघा दुखायचा, तो थांबू दे. त्याच्या मुलीची परीक्षा नीट पार पडू दे. तो माझ्याशी कधीही बोलला नाही तरी ज्यात त्याचं भलं आहे, तेवढंच मागायचं, असं ठरवून घेतलं. यानं दादा बदलला की नाही ते देवाला ठाऊक. माझ्या डोक्यातला दादा मात्र बदलला. तो खलनायक राहिला नाही, गुडघा दुखणारा माणूस झाला.

मग वडील आजारी पडले. रुग्णालयात रात्री आलटून पालटून आम्ही दोघं. मी सकाळी निघायचो, तो यायचा, वॉर्डच्या दारात फाइल हातात द्यायचा-घ्यायचा, एकमेकांकडं न बघता. औषधांचा घोळ नको म्हणून मी एक वही ठेवली. 'रात्री दोनला ताप, गोळी दिली.' तो खाली लिहायचा, 'सकाळी सलाइन बदललं.' कुणाला उद्देशून नाही, रेल्वेच्या घोषणेसारखं. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी वही उघडली तर शेवटी लिहिलं होतं, 'चष्मा खिडकीत विसरलायस.'

विसरलायस. नऊ वर्षांनी त्यानं मला 'तू' म्हटलं होतं, तेही क्रियापदाच्या शेपटीतून. मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून किती वेळ उभा होतो ते आठवत नाही.

यापुढं चमत्कार वगैरे काही नाही. वडील त्याच वर्षी गेले. आम्ही आता बोलतो, पण श्रद्धेचा विषय निघाला की तो उठून जातो आणि मी जाऊ देतो.

विरोध करणाऱ्याच्या बाजूनं बघायचं तर मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या वर्षांतला मोठा काळ त्या मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. आपण ही गोष्ट सांगतो ती बहुतेकदा टिळकांच्या धाडसाची म्हणून. पण ज्या बाईचा संसार एका दिवसात उसवला, तिच्या बाजूनं ती वेगळीच दिसते. घरचे चिडतात त्यामागं बरेचदा तत्त्वज्ञान नसतंच. आपलं माणूस हातातून निसटलं, ही भीती असते. तुमच्या बहिणीलाही बहुधा हेच वाटत असेल. तुम्ही तिच्यापासून दूर गेला नाहीत, हे तिला शब्दांनी पटणार नाही. तुम्ही पुन्हा पुन्हा दिसत राहिलात, तर कदाचित पटेल.

आता 'सोसायचं कुठवर' याकडे येतो. इथं मंडळीतले काही लोक चुकीचा सल्ला देतात, असं माझं मत आहे. दुसरा गाल पुढं करा म्हणजे तोंड मिटून मार खा, असा अर्थ लावतात. योहानाच्या १८ व्या अध्यायात प्रमुख याजकापुढं चौकशी चालू असताना शिपाई येशूला चपराक मारतो. येशू त्याला उलट मारत नाही, पण गप्पही बसत नाही. माझं काही चुकलं असेल तर दाखव, नसेल तर मला का मारतोस, असं सरळ विचारतो.

पौलाचं उदाहरण तर याहून चांगलं आहे. फिलिप्पै शहरात त्याला आणि त्याचा सोबती सीला याला फटके मारून, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकलं. रात्री भूकंप झाला, दारं उघडली. कैदी पळाले असं समजून तुरुंगाचा पहारेकरी तलवार उपसून जीव द्यायला निघाला. पौल अंधारातून ओरडला की स्वतःला काही करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथंच आहोत. ज्यानं खोड्यात अडकवलं त्याचाच जीव वाचवला. पण पुढं वाचा. सकाळी शहराच्या अधिकाऱ्यांचा हुकूम आला, या दोघांना सोडून द्या. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, आम्हाला चौकशीशिवाय चारचौघांत फटके मारले आणि आता गुपचूप घालवताय? ते चालायचं नाही, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं. आणि ते अधिकारी आले, त्यांनी विनवणी केली. तोच माणूस, बारा तासांच्या आत. रात्री त्यानं पहारेकऱ्यावर दया केली आणि सकाळी अधिकाऱ्यांकडे हक्क मागितला. एकामुळे दुसरं रद्द झालं नाही.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर १९९९ च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि फिलिप व टिमथी ही त्यांची दोन मुलं गाडीत झोपलेली असताना जमावानं जाळून मारली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि कुष्ठरुग्णांच्या कामात त्या आणखी काही वर्षं तिथंच राहिल्या. खटला मात्र चालला, शिक्षाही झाली. त्यांच्या क्षमेमुळे न्यायालयाचं काम थांबलं नाही.

तेव्हा घरात कुणी हात उचलत असेल, कोंडून ठेवत असेल, तर तिथून निघा आणि तक्रार करा. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, असं येशूनंच शिष्यांना सांगितलंय. पौलाला दिमिष्कातून, म्हणजे दमास्कसमधून, टोपलीत बसवून तटावरून खाली सोडलं होतं. त्याला कुणी भित्रा म्हटलं नाही. ऑफिसातल्या टोमण्यांसाठी एवढी तयारी लागत नाही. कामात चोख राहा, दर टोमण्याला वचन फेकून मारू नका, आणि बढती किंवा पगार अडवला जात असेल तर लेखी विचारा. एवढं पुरे.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. प्रेम केलं की समोरचा विरघळतोच, असं नाही. नेदरलँड्समधल्या आस्पेरेन गावी १५६९ मध्ये डर्क विलेम्स नावाचा माणूस तुरुंगातून निसटला. मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि घरात इतरांना देऊ दिला, हा त्याचा गुन्हा. गोठलेल्या पाण्यावरून तो पळाला. मागचा पहारेकरी बर्फ फुटून बुडायला लागला. डर्क मागं फिरला, त्याला ओढून बाहेर काढलं आणि पकडला गेला. पहारेकऱ्याला त्याला सोडून द्यायचं होतं, पण काठावरच्या अधिकाऱ्यानं शपथेची आठवण करून दिली. १६ मे रोजी डर्कला जिवंत जाळलं. जाळणारेही ख्रिस्तीच होते. 'आमचा छळ होतो' म्हणताना आपल्या इतिहासातलं हे पानही मी पलटून बघतो. डर्कनं हात दिला तेव्हा परतफेडीचा हिशेब केला असता, तर तो पहारेकरी बुडालाच असता.

आणि हे एकट्यानं करू नका. मंडळीत असं एखादं माणूस शोधा, जे तुमचं ऐकेल पण तुमच्या बहिणीला सैतानाची हस्तक ठरवणार नाही. अशी माणसं थोडी असतात, पण असतात.

आता बहिणीचं घर. जा, पण न सांगता जाऊन तिला पेचात पाडू नका. चार दिवस आधी फोन करा. 'मी येते' असं कळवू नका, 'सामान बांधायला येऊ का' असं विचारा. नाही म्हणाली तर 'बरं' म्हणून ठेवून द्या, कारण विचारू नका. हो म्हणाली तर पूर्ण दिवस मोकळा ठेवा. तिचे देव, तिची पुस्तकं, जे काही बांधायचं असेल ते जपून बांधा, चेहरा न करता. प्रार्थना करायचीच असेल तर जाताना वाटेत करा. आणि चिकटपट्टी, कात्री आपली घेऊन जा. घर बदलताना या दोन गोष्टी हटकून सापडत नाहीत.