घर मिळालं, तरी बॅग भरलेलीच

प्रश्न: माझा धाकटा भाऊ लहानपणी वडिलांचा फार मार खाऊन घरातून निघून गेला, नंतर ४ वर्षं रस्त्यावर काढली. ५ महिन्यांपूर्वी त्याला सपोर्टिव्ह हाउसिंगमधे (बेघरांना घर आणि सोबत मदतनीस देणारी सोय) स्वतःची खोली मिळाली, सपोर्ट वर्करही येऊन जाते. आम्हाला वाटलं सुटला एकदाचा. पण तो पलंग सोडून दाराजवळ जमिनीवर झोपतो, पायात बूट, उशाला भरलेली बॅग, आणि आता रात्री ओरडत उठतो, आधी असं नव्हतं म्हणतो. घर मिळून बिघडला का? सगळे म्हणतात कामाला लाव.
– एक बहीण

उत्तर: ताई, बिघडला नाहीये तो. रस्त्यावर गाढ झोप लागली की पिशवी जाते, चपला जातात, कुणीतरी लाथ घालून उठवतं, मग शरीर अर्धं जागं राहूनच झोपायला शिकतं आणि ती सवय हातात किल्ली आली म्हणून लगेच सुटत नाही. स्वप्नांचं म्हणाल तर रोजचा दिवस ढकलताना मनाला जुनं काही उघडायला सवडच नसते, जरा सुरक्षित वाटलं की दाबलेलं वर येतं. खूप जणांचं असं होतं, आणि नेमके तेव्हाच घरचे वैतागून लांब होतात याचं मला फार वाईट वाटतं.

बेघर लोकांना आधी दारू सोड, औषधं घे, नीट वाग, मग खोली, अशी पद्धत होती. १९९२ मधे न्यूयॉर्कमधे सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने ती उलटी केली, आधी घर, मग बाकीचं. कॅनडात २००९ ते २०१३ मधे ५ शहरांत २ हजारांवर लोकांना घेऊन हे तपासलं, तर आधी घर मिळालेले लोक नेहमीचीच मदत मिळालेल्यांपेक्षा घरात खूपच जास्त टिकले, मात्र मनाचा त्रास दोन्ही गटांत साधारण सारखाच कमी झाला. म्हणजे घर हा पाया आहे पण ट्रॉमाचे, म्हणजे मनावरच्या जुन्या आघाताचे, उपचार वेगळे लागतात. सपोर्ट वर्करला त्याबद्दल विचारा, पण भावासमोर, त्याच्या पाठीमागे नको, आणि कधी सुरू करायचे ते त्याला ठरवू द्या.

कामाचं सध्या राहू द्या. त्याच्या मनात बहुतेक एकच घोकणी चालू असेल, हे घर कधी काढून घेतील, तेव्हा करार त्याच्या नावावर आहे ना, एखादी अपॉइंटमेंट चुकली तर खोली जाते का, हे कागदावर त्याला स्वतःला वाचायला मिळू दे. जाताना आधी फोन करा, दार वाजवून थांबा, नको म्हणाला तर परत या, रागावू नका. त्याच्या दारावर त्याचा नकार चालतो हे त्याला बऱ्याच वर्षांनी कळतंय.

मरणाच्या गोष्टी करायला लागला तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर, आणि तोवर एकटं सोडायचं नाही.

बॅगेला हात लावू नका. पलंगाचा विषयही नको, जमिनीवर जाड गादी हवी का एवढंच विचारा.