"समजतं हो त्याला सगळं, फक्त बोलत नाही"

उशिरा बोलणाऱ्या मुलांबरोबर काम करते मी, आणि हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आईबाबा खुर्चीत बसायच्या आधीच मला कळतं आता काय येणारे. गेल्या आठवड्यात परत दोघांनी अगदी हेच सांगितलं, म्हणून एक जुनी केस लिहितेय. मुलाला आपण ओम म्हणू, खरं नाव वेगळं आहे.

ओम आला तेव्हा २६ महिन्यांचा, हसरा, नजरेला नजर देणारा. शब्द मोजून चार. बाबा निवांत, "अहो मॅडम, मी पण तीन वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो, आता बघा." आई गप्प. तू मोबाईल दिलास, तू नोकरीला गेलीस, हे तिला घरी रोज कोणीतरी ऐकवत होतं.

बाबांना मी सांगितलं की घरात कोणी उशिरा बोललं असेल तर निवांत व्हायचं नसतं, उलट लवकर दाखवायचं असतं, कारण भाषेच्या अडचणी घराण्यात चालत येऊ शकतात. मुलगे उशिराच बोलतात हेही तसंच, फरक असतो पण थोडासाच. आणि घरात दोन भाषा बोलल्यामुळे भाषेचा विकार होत नाही, उगाच एक भाषा बंद करू नका.

मग आईला विचारलं, समजतं म्हणजे काय काय समजतं?

"सगळं. बूट आण म्हटलं की आणतो."

"आणि ऐकू येतं?"

"टीव्ही लागला की आतून पळत येतो. जन्मल्यावर टेस्ट पण झालीये, नॉर्मल."

खाली सतरंजीवर बॉल, गाडी, पुस्तक पडलेलं. म्हटलं, बॉल मागा त्याच्याकडे. तिनं मागितला, त्यानं लगेच दिला. बाबा खूश. पण मी ओमकडे बघत होते, आणि ओम आईच्या हाताकडे. तिचा हात आधीच बॉलकडे गेला होता, नजर पण. मी म्हटलं, आता दोन्ही हात मांडीखाली ठेवा, माझ्याकडे बघा आणि नुसतं म्हणा, गाडी दे.

ओम थांबला. आईच्या मांडीकडे बघितलं. मग जवळ येऊन तिचा हात मांडीखालून ओढून बाहेर काढला, आणि तो हात आता कुठे जातोय याची वाट बघत उभा राहिला.

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग आईच हळू आवाजात म्हणाली, "त्याला माझे शब्द समजत नाहीयेत. माझे हात समजतायत."

इतकी वर्षं हे काम करतेय पण तो क्षण विसरले नाही. तिला वाटलं हे वाईट झालं. मी म्हटलं, यातलं अर्धं तर फार छान आहे. जेरोम ब्रूनर हे मानसशास्त्रज्ञ १९७५ च्या सुमारास बाळं मोठ्यांच्या नजरेचा माग कसा काढतात याचा अभ्यास करत होते, आणि मी त्यांच्याच वाटेनं जाणारी, माझ्या मते शब्द येतो तो या एकत्र बघण्याच्या पाठीवर बसूनच. ओमकडे ती पाठ भक्कम होती. शब्दच पोचत नव्हता, आणि तो का पोचत नाही हे आधी कानात शोधायचं. टीव्हीचा आवाज ऐकू येणं वेगळं आणि बोलण्यातले बारीक आवाज स्पष्ट ऐकू येणं वेगळं. जन्माच्या वेळी टेस्ट पास झाली तरी ऐकणं नंतर कमी होऊ शकतं. ओमच्या दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी निघालं. हे बऱ्याचदा आपोआप जातं, त्याचं तीन महिने वाट बघूनही गेलं नाही, मग छोटं ऑपरेशन करून नळ्या बसवल्या. स्पीच थेरपी चालूच होती.

प्रत्येकाच्या कानातच निघतं असं नाही हं. साधारण ७ टक्के मुलांना ऐकू नीट येतं, बाकी वाढही ठीक असते, तरी भाषाच अवघड जाते आणि ती अडचण मोठेपणीही राहते. म्हणून नुसते शब्द मोजत बसू नका. वर्षाच्या आसपास बडबड नाही, बोट दाखवणं, टाटा करणं नाही, नावानं हाक मारली तर वळत नाही, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांना पन्नासच्या आसपास शब्द नाहीत किंवा "बाबा ये" असं जोडून बोलत नाही, तर दाखवाच. आणि आलेले शब्द गेले, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात दाखवा. उशिरा बोलणारी बरीच मुलं आपली आपण गाठतात हे खरंय, पण त्यातलं कुठलं गाठणार नाही हे घरी बसून कोणालाच सांगता येत नाही.

ओमच्या आईला घरचं काम एकच दिलं होतं. "हे काय आहे, सांग" अशी परीक्षा बंद, तो ज्याच्याकडे बघतोय त्याचं नाव घ्यायचं आणि मनात दहा मोजेपर्यंत गप्प राहायचं. तिला ते गप्प राहणंच सगळ्यात जड गेलं. आणि तुमच्यामुळे झालेलं नाही, हे मी तिला दर भेटीला सांगत राहिले, एकदा सांगून ते पटत नाही.

आठ महिन्यांनी तिचा फोन आला. "मॅडम, काल रात्री लाइट बंद केले होते, काळोख मिट्ट. मी म्हटलं ओम, उशी दे. आणि त्यानं दिली. वर म्हणाला, आई घे."