पासवर्ड मुलीला परत द्या

सप्रेम नमस्कार.

तुमची मुलगी बारावी सायन्सला आहे. स्वतःच्या वेबसाइटवर ती वेब डेव्हलपमेंटबद्दल आणि घरातल्या, कॉलेजातल्या रोजच्या गोष्टींबद्दल मराठीत लिहिते. अकरावीत ६८ टक्के पडले म्हणून तुम्ही पासवर्ड काढून घेतलात. आता विचारता आहात, या नादाचा करिअरला काही उपयोग आहे का, की साइट कायमची बंद करू?

अकरावीच्या मार्कांनी मी काळजीत पडलो नाही. पडलो ते तुमच्या पत्रातल्या पुढच्या ओळींनी. पासवर्ड हाती आल्यावर तिने प्रसिद्ध न केलेलं लिखाणही तुम्ही वाचलंत, तिच्या काकांना पाठवलंत आणि त्यावर घरात सगळ्यांसमोर चर्चा झाली. ‘तेव्हापासून ती जेवायलाही आमच्यात बसत नाही, अभ्यासाचं टेन्शन असावं,’ असं तुम्ही लिहिता. साहेब, हे अभ्यासाचं टेन्शन नाही. लोकांनी काय वाचावं आणि काय वाचू नये, हे तिने स्वतः ठरवलं होतं. ते तुम्ही मोडलंत. सतरा वर्षांच्या मुलीला घरच्यांसमोर असं उघडं पाडल्यावर ती गप्प होणारच. करिअरचं नंतर बोलू. आधी तिची माफी मागा, आणि ती काकांच्या देखत मागा.

काका आयटीत आहेत म्हणून त्यांचं म्हणणं तुम्हाला पटलं : साइटवर फक्त कोडिंग ठेवावं, तेही इंग्रजीत, घरगुती नोंदी काढून टाकाव्यात. हा गैरसमज मला नेहमी भेटतो, आणि तो मुलांचं नुकसान करतो. तुम्ही पाठवलेल्या पानांत आजीच्या मोबाइलची नोंद आहे. आजीने अक्षरं मोठी केली तर ओळी स्क्रीनबाहेर जाऊ लागल्या, म्हणून मुलीने साइटच्या पानाची ठरावीक रुंदी काढून टाकली. दुसऱ्या नोंदीत, अक्षरांमधलं अंतर वाढवल्यावर देवनागरीची शिरोरेषा कशी तुटते, ते तिने दाखवलं आहे. पानाची भाषा मराठी अशी कोडमध्ये नोंदवली, तर काही फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे दिसतात, हेही तिने शोधलं. यातलं घरगुती कुठलं आणि तांत्रिक कुठलं, हे काकांनी मला वेगळं करून दाखवावं. आजी काढून टाकली तर रुंदी का बदलली तेच कळणार नाही. नोकरी देणाऱ्या जाणत्या माणसाला हेच बघायचं असतं : अडचण कुणाची होती, ती हिच्या लक्षात कशी आली, मग हिने काय केलं. क्लासमध्ये सगळ्यांनी मिळून केलेल्या एकसारख्या प्रोजेक्टमधून हे कळत नाही. इंग्रजी तिला शिकावंच लागेल, पण त्यासाठी मराठी साइट पुसायची गरज नाही.

प्रवेशाचं थोडक्यात : इंजिनिअरिंगला एमएचटी-सीईटी आहे, बीसीएलाही २०२४पासून राज्याची सीईटी द्यावी लागते, आणि बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सही चांगला रस्ता आहे; मात्र गणित सोडू देऊ नका. साइटमुळे अभ्यास बुडतो असं वाटत असेल तर परीक्षेपर्यंत आठवड्यातला एखादा दिवस लिखाणाला ठेवा. तो कोणता, हे तिला ठरवू द्या.

बाप म्हणून तुम्ही बघायला हवं असं एकच आहे. घराचा पत्ता, फोन नंबर, रोज जायच्या-यायच्या वेळा साइटवर नसाव्यात, आणि मैत्रिणींचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय टाकू नयेत. हे तिच्याशेजारी बसून बघा, तिच्या पाठीमागे नको.

‘यातून पैसे कधी सुटणार?’ असंही तुम्ही विचारलंय. इतक्यात नाही. हा प्रश्न बारावी होईपर्यंत तिला विचारू नका.

पासवर्ड आजच द्या. तिने तो लगेच बदलला, तर नवा मागू नका.