नर्सिंग होममधल्या आईच्या फाइलीत ‘स्किझोफ्रेनिया’ कुठून आला?

न्यू जर्सीतल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. ८१ वर्षांच्या, अल्झायमर झालेल्या आईला पाच महिन्यांपूर्वी नर्सिंग होममध्ये, म्हणजे वृद्धांच्या दीर्घकालीन देखभालीच्या संस्थेत, ठेवलं. जागा निवडली ती मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या ‘केअर कम्पेअर’ संकेतस्थळावरचे पाच तारे पाहून. आता आई दिवसभर गुंगीत असते, रोज क्वेटियापीन हे अँटिसायकोटिक (भास-भ्रमांवरचं) औषध चालू आहे आणि फाइलीत स्किझोफ्रेनियाचं निदान लिहिलेलं आहे. घरात हा शब्द पूर्वी कुणी ऐकलाही नव्हता. नर्सिंग होमवर कोर्टात दावा लावावा का? याच धर्तीची पत्रं इतरांकडूनही येतात.

दाव्याचं नंतर बघू. तुमचं सगळं प्रकरण त्या एका निदानावर उभं आहे. १०० दिवसांहून अधिक राहिलेल्या किती रहिवाशांना अँटिसायकोटिक औषध दिलं जातं, हा आकडा सीएमएस (मेडिकेअर चालवणारी केंद्रीय संस्था) २०१२ पासून जाहीर करते आणि २०१५ पासून तो ताऱ्यांमध्येही धरला जातो. मात्र स्किझोफ्रेनिया किंवा हंटिंग्टन, टुरेट हे मेंदूचे आजार असलेले रुग्ण या मोजणीतून वगळतात. म्हणजे ते निदान नोंदलं, की तुमची आई आकड्यातून गायब होते आणि गोळीला कारणही मिळतं. ही पळवाट सरकारला ठाऊक आहे. जानेवारी २०२३ मध्ये सीएमएसने या नोंदींची तपासणी सुरू केली. नोंद खोटी निघाली, तर गुणवत्तेचं मानांकन सहा महिन्यांसाठी एका ताऱ्यावर आणलं जातं. व्हॅलप्रोएटसारखी फिटवरची औषधं तर त्या आकड्यात मुळातच नाहीत, तेव्हा औषधांच्या यादीत तीही शोधा.

हे निदान टिकणारं आहे का? लक्षणं किमान सहा महिने असावी लागतात, आणि ती डिमेन्शियासारख्या दुसऱ्या आजाराची नसावीत. ऐंशीनंतर पहिल्यांदा स्किझोफ्रेनिया होणं फार दुर्मीळ. तुम्ही लिहिता की आई रात्री मराठीत स्तोत्रं म्हणते आणि नर्सच्या नोंदीत ‘आवाजांना उत्तर देते’ असं लिहिलंय. मनोविकारतज्ज्ञांनी दुभाष्याविना तपासलं असेल, तर तो तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे.

म्हणून आधी कागद मिळवा. कायदेशीर प्रतिनिधीने मागणी केल्यापासून २४ तासांत, सुट्टीचे दिवस सोडून, नोंदी दाखवाव्या लागतात. प्रतींसाठी दोन कामाच्या दिवसांची सूचना पुरते. मागणी लेखी करा आणि त्यात हे नेमकं लिहा: दाखल झाल्यापासूनचे सर्व ‘मिनिमम डेटा सेट’ (रहिवाशाच्या प्रकृतीचे ठरावीक नमुन्यातले अहवाल), निदान कोणत्या तारखेला कुणी केलं तो अहवाल, क्वेटियापीनचा मूळ आदेश, वर्तनाच्या रोजच्या नोंदी, फार्मासिस्टचं मासिक परीक्षण आणि मात्रा कमी करण्याचे प्रयत्न. पहिल्या वर्षात दोन वेगळ्या तिमाहींत, मध्ये किमान एक महिना सोडून, मात्रा हळूहळू उतरवून बघायची असते. ती का उतरवली नाही, याचं वैद्यकीय कारण डॉक्टरांनी नोंदवलेलं असावं लागतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, करवूनही घेऊ नका, एकदम तोडली तर त्रास होतो. मात्र डिमेन्शियाच्या वृद्ध रुग्णांत या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा चौकटीतला, म्हणजे सर्वांत कडक, इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने (एफडीए) २००५ मध्येच दिला आहे. तो दाखवून डॉक्टरांकडे लेखी उत्तर मागा. वेदना, लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता आधी तपासली होती का, हेही विचारा.

आता तुमच्या सहीबद्दल. दाखल करताना आलेला गठ्ठा न वाचता सही केली आणि त्यात लवादाचा करार होता, म्हणजे वाद कोर्टाऐवजी खासगी लवादापुढे नेण्याची कबुली. तो रद्द करायला ३० दिवस होते. ते तुम्ही घालवलेत, याचा मला राग येतो, कारण एक पत्र पुरलं असतं. हा करार प्रवेशाची अट असूच शकत नाही. ते तुम्हाला समजावून सांगितलं होतं का, आणि आईच्या वतीने सही करण्याचा अधिकार तुमच्याकडे होता का, यावर वकील अजून लढू शकतो. निकाल काय लागेल, ते राज्याच्या कायद्यावर आणि न्यायाधीशावर अवलंबून. मुखत्यारपत्र नसेल, तर त्याचाही सल्ला आत्ताच घ्या. त्यावाचून कागदांची मागणीही अडू शकते.

त्या कराराने सरकारकडे तक्रार करण्याचा हक्क मात्र जात नाही. कागद हातात आले, की राज्याच्या आरोग्य विभागाकडे तक्रार करा आणि दीर्घकालीन देखभालीच्या ओम्बुड्समनलाही (रहिवाशांच्या तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवा. ‘आईला गुंगीत ठेवतात’ एवढं लिहिलं, तर तक्रार मागे पडेल. ‘अमुक तारखेला निदान नोंदलं, त्याआधी सहा महिन्यांची लक्षणं कुठेही नाहीत, दुभाषा नव्हता’ असं लिहा आणि पानांचे क्रमांक द्या. न्यू जर्सीत शारीरिक इजेच्या दाव्याला साधारण दोन वर्षांची मुदत असते. तक्रारीच्या उत्तराची वाट पाहत ती संपू देऊ नका, वकील या महिन्यातच गाठा.