उरार्तू या आर्मेनिया-पूर्व तुर्कस्तान भागातल्या प्राचीन राज्याच्या शिलालेखांतला ‘हल्दी’ देव म्हणजे आपला खंडोबाच का?

नाही. काडीचाही संबंध नाही. याच प्रश्नावरून आमच्या घरात दोन वर्षं अबोला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी वैद्यकीय शिक्षणासाठी सहा वर्षं आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला होतो. तिथे अरिन बेर्द टेकडीवर एरेबुनी किल्ल्याचे अवशेष आहेत. १९५० साली तिथल्या उत्खननात काळ्या बसाल्टवर कोरलेला लेख मिळाला आणि शहराचा जन्म इ.स.पू. ७८२ ठरला. मजकूर साधारण असा: हल्दीच्या थोरवीने मेनुआपुत्र राजा अर्गिश्तीने हा बळकट किल्ला बांधला, त्याला एरेबुनी नाव दिलं, बियाइनिलीचं (उरार्तूचं स्वतःचं नाव) सामर्थ्य वाढावं आणि शत्रुदेशांना धाक बसावा म्हणून. पुढे राजा म्हणतो, जमीन ओसाड होती, मी इथे मोठी कामं केली.

सुट्टीत गावी आल्यावर त्याचा फोटो मी मामांना दाखवला. मामा पाथरवट. जाती, पाटे-वरवंटे घडवण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी चष्मा वर सरकवला, बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “हे बघ, एक रेघ दुसरीवरनं गेलेली नाय. आडवी मध्येच तोडलीय, पलीकडनं परत धरलीय. फुलीवर टाकी मारली की टवका उडतो. शहाणा माणूस होता.”

सहा वर्षांत माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. नंतर वाचलं तर अभ्यासकही तेच सांगतात: मातीच्या पाटीवर कीलाक्षरातल्या (खिळ्यासारख्या खुणांच्या लिपीतल्या) रेघा एकमेकींना छेदतात, उरार्तूच्या दगडावर छेदरेघ तोडतात, ती दगड फुटू नये म्हणून. मामांचा मला तेव्हा वाटला तेवढा अभिमान कधीच वाटला नव्हता.

आणि मग मी मजकूर वाचून दाखवला. हल्दी हे नाव ऐकताच मामा उठून बसले. “ही तर जेजुरीची हळद!” संध्याकाळपर्यंत नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर खंडोबा आर्मेनियात पोचले होते. मी विरोध केला तर “शिकून आलास म्हणून आम्हाला शिकवतोस?” म्हणाले. ते मला लागलं.

मामा, हे वाचत असाल तर ऐका. त्या नावाचा उच्चार खाल्दीच्या जवळचा. हल्दीचं मोठं देऊळ मुसासिर नगरीत होतं, ते असीरियाच्या दुसऱ्या सारगोन राजाने इ.स.पू. ७१४ मध्ये लुटलं. उरार्तूच्या भाषेचं जवळचं नातं एकट्या हुर्रियन या प्राचीन भाषेशी, संस्कृतशी नाही. ‘अर्गिश्तिशे’ मधला ‘शे’ आपल्या ‘अर्गिश्तीने’ मधल्या ‘ने’चंच काम करतो हे मीच तुम्हाला सांगितलं होतं, आणि तुम्ही तो पुरावा धरलात. असा कर्त्याचा प्रत्यय जॉर्जियन आणि बास्क भाषांतही आहे. त्यांनाही जेजुरीला नेणार का?

न कळणारे लेख वाचायला साम्य कामाला येतं, पण ते असं. तुर्कस्तानातल्या वानच्या परिसरातले उरार्तूचे लेख शुल्झ या जर्मन अभ्यासकाने उतरवून घेतले. १८२९ मध्ये त्याचा तिकडेच खून झाला. पुढे १८८० मध्ये गुयार या फ्रेंच अभ्यासकाच्या लक्षात आलं की लेखांच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारा मजकूर असीरियन लेखांतल्या शापवाणीसारखा आहे: हा लेख जो फोडेल त्याचा देव नाश करोत. आपल्याकडच्या गधेगाळ या जुन्या कोरीव दगडावरही शापच असतो. म्हणून कोणी गधेगाळ उरार्तूची म्हणत नाही.

एक मान्य करायला हवं. हुर्रियन बोलणाऱ्या मितान्नी राज्याच्या करारात मित्र, वरुण, इंद्र ही नावं खरोखर आहेत. पण तो इ.स.पू. चौदाव्या शतकातला करार, एरेबुनीच्या सहाएकशे वर्षं आधीचा, आणि त्यातही हल्दी नाही.

तुटक रेघांबद्दल मात्र मामांनी जे सांगितलं तेच बरोबर. ते मी ग्रुपवर कधी लिहिलं नाही. आज लिहितो.