किराण्याचा दर किलोवर आणा: सुरुवात एवढ्यापासूनच

सगळी यादी एकदम तपासायला जाऊ नका, दोन महिन्यांत कंटाळाल. आधी तेल, तूरडाळ, तांदूळ, चहा आणि कपड्यांची पावडर एवढंच धरा. किंमत भागिले ग्रॅम गुणिले १०००, की किलोचा दर आला. तो मोबाईलमध्ये लिहून ठेवा.

खरी गंमत तेलात आहे. एक लिटरची पिशवी साधारण ९१० ग्रॅमची; शेजारी तशीच दिसणारी ८५० ग्रॅमची असते. १४६ रुपयांना ९१० ग्रॅम म्हणजे किलोला १६०. १४० रुपयांना ८५० ग्रॅम म्हणजे जवळपास १६५. सहा रुपये स्वस्त दिसणारी पिशवीच महाग! म्हणून तेल लिटरवर नाही, ग्रॅमवर तोला.

नवखे हमखास इथे चुकतात:
- एमआरपीजवळ छापलेला दर एमआरपीवरचा असतो, सवलतीनंतरचा नाही. शिवाय किलोच्या आतल्या पाकिटावर तो ग्रॅमचा, मोठ्यावर किलोचा.
- मोठं पाकीट स्वस्तच, हे गृहीत धरणं. शाम्पूची पुडी बऱ्याचदा बाटलीपेक्षा परवडते.
- रवा, बेसन महिन्याभरात संपेल एवढंच घ्या. पावसाळ्यात पोरकिडे झाले की हिशोब बोंबलला.

सुट्ट्या मालाशी तुलना, ऑनलाइनचं डिलिव्हरी शुल्क वगैरे पुढच्या महिन्यात बघू.